पिनकोडप्रमाणे पगार

३ एप्रिल २०२५, गुरुवार

सकाळी कंपनीचं पत्र आलं आणि दुपारी दोनपर्यंत मी नुसत्या फेऱ्या मारल्या. बायको, प्रियंका, शाळेत होती म्हणून बरं झालं, नाहीतर बिचारीला काही कारण नसताना ऐकावं लागलं असतं. शेवटी चौकातल्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. रोज लिहीन असं नाही. डोकं फिरलं की लिहीन, म्हणजे बहुतेक रोजच.

पत्रात म्हटलंय की घरून काम करणाऱ्यांचा पगार यापुढे त्यांच्या पत्त्याच्या पिनकोडप्रमाणे ठरेल. चार श्रेण्या केल्यात. पहिलीत पुणे, बंगळूर वगैरे. दुसरीत नागपूर. तिसरीत जिल्ह्याची ठिकाणं, म्हणजे यवतमाळ. चौथीचं नाव 'इतर'. पुसद इतरमध्ये. म्हणजे मी, धम्मरत्न, वय बावन्न, कोबोलमध्ये सत्तावीस वर्षं घासलेला माणूस, आता 'इतर' झालो.

कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा माझ्यापेक्षाही वयानं मोठी. कॉलेजातली पोरं नाव ऐकून हसतात. हसोत. एका मोठ्या विमा कंपनीच्या लाखो पॉलिसींचे हिशोब आजही याच भाषेत चालतात, आणि ते प्रोग्राम उघडून समजणारी माणसं आमच्या कंपनीत तीन उरलीत. दोन वर्षांत चार जण निवृत्त झाले. त्यांचं काम माझ्या अंगावर टाकलं. टाकताना पिनकोड कोणी विचारला नाही.

गोपालला फोन लावला. गोपाल दारव्ह्याचा. पुण्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याकडून कोबोल शिकला, आता तिथूनच माझा मॅनेजर आहे. त्याला शंभर मिळत असतील तर मला यापुढे अठ्ठावन्न.

"सर, वरून आलेलं धोरण हाय. माह्या हातात काई नाई," तो म्हणाला.

"तुले कोबोल शिकवलं कोनं?"

"तुमीच, सर."

"मंग शिकवताना म्या पुण्याचा रेट लावला का पुसदचा?"

त्यावर तो हसला. मला हसू आलं नाही. फोन ठेवला.

५ एप्रिल, शनिवार

प्रियंकाला पत्र वाचून दाखवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आमाले बी घरभाडं भत्ता गाव पाहूनच भेटते. मुंबईवालीले जास्त, आमाले कमी. आमी बोंबलतो का?"

"भत्ता कमी. मूळ पगार तं तोच ना? पुसदची हाय म्हून तुहा मूळ पगार कोनी कापला का?"

ती थांबली. "हे तं बरोबर हाय. पन मंग कंपनीले लिवा ना. मले कायले ओरडून राह्यले?"

मुद्दा पक्का आहे. अपील करायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

हैदराबादहून भरतीवाल्या बाईचा फोन. महिन्यात असे दोन-तीन येतात. कोबोल म्हटलं की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. "सर, तुमच्यासारखी माणसं मिळतच नाहीत हो, क्लायंट वाट पाहतोय." अनुभव ऐकून तर ती खुर्चीतून उठलीच असावी. मग विचारलं, सध्या कुठे असता? पुसद म्हटलं. कुठे? पुसद. यवतमाळ जिल्हा. "अच्छा अच्छा," म्हणाली, "तिथून घरून करणार असाल तर रेट वेगळा लागेल."

चिडून मी इंटरनेटवर कोबोलवाल्यांच्या पगाराचा शहरवार तक्ता शोधून काढला. बारा शहरं. विदर्भातून फक्त नागपूर, तेही सगळ्यात खाली. पुण्यातून नागपुरात आलेल्या माणसाची अक्कल रस्त्यात सांडते असं यांचं म्हणणं असावं. तक्ता छापून घेतला, अपिलाला जोडायला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. मधल्या कार्यक्रमात मला बोलायला लावलं. विषय 'तंत्रज्ञान आणि आपण'. विषय राहिला बाजूला, मी 'समान काम, समान दाम' यावर वीस मिनिटं बोललो. माणसाची किंमत तो कुठे जन्मला आणि कुठे राहतो यावरून ठरवणारी व्यवस्था नव्या कपड्यांत परत आली आहे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी उठून हात मिळवला.

आज क्लायंटला बदल पाठवायचे होते. सुट्टी असून मुस्कान येऊन बसली, म्हणून जमलं.

२२ एप्रिल, मंगळवार

अंगाची लाही. ऊन त्रेचाळीसवर गेलंय आणि वीज दोनदा गेली. इन्व्हर्टर आहे म्हणून चाललंय.

मुस्कानबद्दल या वहीत लिहायचं राहिलंच. फुलसावंगीची मुलगी. वडील जफरभाई, मोटारी आणि पंप दुरुस्त करतात. हिनं पुसदला बी.सी.ए. केलं आणि दोन वर्षांपासून माझ्याकडे येते, सकाळच्या एस.टी.नं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. कंपनीला ठाऊक नाही. कंपनीनं एका माणसावर पाच माणसांचं काम टाकलं, तर मदतीला माणूस मी आणला, यात कोणाचं काय बिघडलं? लॅपटॉप माझा, लॉगिन माझं, जबाबदारी माझी.

हुशार आहे हे मान्य करावं लागेल. फेब्रुवारीत आम्ही थकलेल्या हप्त्यांवरच्या व्याजाचा हिशोब नव्यानं बसवला. एकवीस वर्षांचं ठिगळावर ठिगळ होतं, ते सगळं उपसून काढलं. मी तिला नीट समजावून सांगितलं आणि तिनं केलं. मी तपासून पाठवलं. क्लायंटकडून एकही तक्रार आली नाही.

शिस्त मात्र मी कडक लावली आहे. कोबोलमध्ये ओळीच्या उजव्या टोकाला आठ घरं असतात, ती मशीन वाचतच नाही. तिथं त्या ओळीला हात लावणाऱ्यानं आपली अक्षरं टाकायची. म्हणजे वीस वर्षांनी कोणी विचारलं, हे कोणी केलं, तर उत्तर तिथंच असतं. मी पुण्यात हेच शिकवलं, इथेही हेच शिकवतो. अक्षरं नसलेली ओळ मी तपासायलाच घेत नाही. एकदा तिचं दिवसभराचं काम तसंच परत केलं होतं. रडवेली झाली, पण पुन्हा चुकली नाही.

तिला सहा हजार देतो. तिच्या आधी संघर्ष नावाचा पोरगा होता, इथलाच, आंबेडकर वॉर्डातला. त्याला नऊ द्यायचो. पण त्याला खोलीचं भाडं होतं, गाडीचं पेट्रोल होतं. हिचं घर गावातच आहे, खर्च असा काय आहे?

२ मे, शुक्रवार

अपील पाठवलं. चार पानं. तीन रात्री झोप नव्हती, आज गाढ लागेल. तक्ता जोडला, प्रियंकाचा भत्त्याचा मुद्दा घातला. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो, कारण तो मला फार आवडला आहे:

"माझा पत्ता पाहू नका. माझं काम उघडून पाहा. गेल्या वर्षभरात पाठवलेली प्रत्येक ओळ काढा, पुण्यातल्या कोणाच्याही ओळीशेजारी ठेवा, आणि मग सांगा की यातली कोणती ओळ अठ्ठावन्न टक्के आहे."

मुस्काननं इंग्रजी तपासून दिलं. वाचून म्हणाली, "भल्लं जोरदार झालं, सर." मग काहीतरी विचारणार होती, पण तिची गाडी निघायची वेळ झाली होती.

१९ मे, सोमवार

उत्तर आलं! समिती नेमली आहे. पगार विभागाच्या प्रमुख उर्वशी मॅडम, गोपाल, आणि कायदा विभागातलं कोणीतरी. "आपल्या विनंतीप्रमाणे आपलं वर्षभराचं काम तपासण्यात येईल." बारा जूनला सुनावणी. असंच दणकवायला पाहिजे.

मुस्काननं आज विचारलं. एस.टी.चा पास महाग झाला, घरी वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, म्हणून थोडे वाढवता येतील का. मी म्हटलं, "अगं, माह्यच भांडन चालू हाय. ते सुटू दे, मंग पाहू." खरंच आहे. ज्याचा स्वतःचा पगार कापला तो दुसऱ्याचा कुठून वाढवणार? ती "हो सर" म्हणाली आणि कामाला लागली. समजूतदार आहे.

३ जून, मंगळवार

गोपालचा फोन. आवाज दबलेला.

"सर, एक इचारू का? खरं सांगजा. एम.एस.के. कोन हाय?"

"काय?"

"व्याजाच्या हिशोबात चारशे बारा लाईनी हायेत. सगळ्यायच्या टोकाले एम.एस.के. तुमचं तं डी.आर. असते. मॅडमनं मले इचारलं. मी म्हटलं, पाहून सांगतो."

वर्षभर तपासताना ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. ओळीच्या टोकाला अक्षरं आहेत ना, एवढंच मी पाहत होतो. कोणाची आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि कोणाला उघडून पाहायला लावलं? माझ्याच चार पानांनी. इतका संताप आला, इतका, की कोणावर काढू कळेना.

४ जून, बुधवार

मुस्कानवर काढला.

"हे अक्षरं काहून टाकले तू?"

ती घाबरून उभी राहिली. "तुमीच तं सांगतलं होतं, सर. ज्यानं हात लावला त्यानं आपले अक्षरं टाकाचे."

"ते कंपनीतल्या मानसासाठी असते!"

"तसं नव्हतं सांगतलं तुमी." मग हळूच, पण माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग माह्या कामाले कोनाचं नाव टाकाचं होतं?"

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझी नोकरी जाईल, तुझं काय जाणार आहे, असं एक वाक्य होतं. प्रियंकाला सुट्टी आहे, ती आतून आली आणि मला म्हणाली, "बस करा." मुस्काननं पिशवी उचलली आणि गेली. गाडीला अजून तीन तास होते. कुठे बसली असेल कोण जाणे.

९ जून, सोमवार

शनिवारी बकरी ईद झाली. मुस्कान आजही आली नाही. मी फोन केला नाही. काम तुंबलंय. व्याजाच्या हिशोबात एक छोटा बदल हवा होता, मी उघडून बसलो आणि दीड तास कोणता भाग कुठून बोलावला जातो हेच शोधत राहिलो. सुंदर लिहिलंय, पण सवय नाही ना माझ्या डोळ्यांना. उन्हाचाही त्रास आहे.

सुनावणीत काय सांगायचं ते ठरवलं आहे. एम.एस.के. ही माझीच खूण म्हणायची, मोठ्या बदलांसाठी वेगळी वापरतो म्हणून. कोण शोधायला येणार?

१२ जून, गुरुवार

झाली सुनावणी. जसं झालं तसं लिहितो.

पडद्यावर उर्वशी मॅडम, गोपाल, आणि कायदेवाला, ज्यानं शेवटपर्यंत कॅमेरा उघडला नाही. मी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. पहिली दहा मिनिटं मी बोललो आणि चांगलं बोललो. मूळ पगार आणि भत्ता हा फरक सांगितला तेव्हा मॅडमनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणालात तसं आम्ही तुमचं काम उघडून पाहिलं. व्याजाचा हिशोब हा या वर्षातला आपल्याकडचा सगळ्यात स्वच्छ बदल आहे, असं गोपालचं मत आहे. त्या ओळींवर एम.एस.के. आहे. हे कोण?"

"ती माझीच एक खूण आहे, मोठ्या बदलांसाठी..."

"सर," गोपाल मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. दुसऱ्याची अक्षरं टाकायची नाहीत आणि स्वतःची बदलायची नाहीत. सत्तावीस वर्षांत तुमची एकच खूण आहे. मला खोटं सांगायला लावू नका."

मग मी सांगितलं. मुस्कान शेख. फुलसावंगी. बी.सी.ए. दोन वर्षं. माझ्याच खोलीत बसून, माझ्या देखरेखीखाली. माहिती कुठेही बाहेर गेलेली नाही. कायदेवाला पहिल्यांदा खाकरला.

उर्वशी मॅडमनी विचारलं, "तिला किती देता?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा ना, सर."

"सहा हजार."

"महिन्याला?"

"हो."

"हा आकडा कशावरून ठरवला?"

"इथल्या हिशोबानं," मी म्हणालो. "गावात राहायला खर्च कमी लागतो. घर वडिलांचं आहे, भाडं नाही. या भागात एवढे कोणी..."

तिथं मी थांबलो. मॅडम टाइप करत होत्या, त्याचा आवाज येत होता. गोपाल खाली पाहत होता.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या आहेत, अजून. पण एक गोष्ट आहे. नऊ म्हणता आलं असतं, दहा म्हणता आलं असतं. मी खरा आकडा सांगितला. शेवटी का होईना, प्रामाणिक राहिलो, याचं समाधान आहे.

१७ जून, मंगळवार

अपील फेटाळलं. तिसरा परिच्छेद: "अर्जदार स्वतः आपल्या सहायकाचं मानधन स्थानिक खर्चाच्या आधारे ठरवतात. सबब स्थानिक दराचं तत्त्व त्यांना मान्य असल्याचं दिसून येतं."

सबब! माझ्याच तोंडचं वाक्य घेतलं, धुतलं, इस्त्री केलं आणि मला परत घातलं. दगड घेऊन पुण्याला जावंसं वाटलं. वर लेखी ताकीद. महिनाभर माझं लॉगिन गोपालच्या नजरेखाली. काढून टाकत नाहीत, कारण काढलं तर जुलैत क्लायंटला द्यायचं काम करायला माणूस नाही. बाजारात माझी गरज एवढी आहे की मला सोडताही येत नाही, आणि किंमत एवढी की द्यायचीही नाही.

मुस्कानचा नंबर मागितला आहे, गोपनीयतेच्या कागदावर तिची सही हवी म्हणून. दिला.

प्रियंकानं पत्र वाचलं. मला वाटलं माझी बाजू घेईल. म्हणाली, "संघर्षले नऊ देत होते ना तुमी?"

"त्याले खोलीचं भाडं होतं."

"अन् हिले सहा. कामानं त्याच्याहून कमी होती का?"

"तिले गावात काय खर्च हाय?"

प्रियंकानं पत्र घडी करून टेबलावर ठेवलं आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. म्हणजे आता घरातही 'इतर'.

२४ जून, मंगळवार

आज सविस्तर लिहिणार.

शाळा कालपासून सुरू झाली, प्रियंका सकाळीच गेली. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. मुस्कान. वीस दिवसांनी. गोपनीयतेचा कागद सही करून आणला होता, माझ्यामार्फत पाठवायचा म्हणून. बस म्हटलं तर बसली नाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी जास्तच बोललो मी." ती "हो" म्हणाली. तसं काही नाही सर, असं म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. म्हणाली नाही.

"कंपनीतून फोन आलता," ती म्हणाली. "नोकरी देतो म्हनतात. व्याजाचा हिशोब आता मलेच सांभाळाले देनार. आज पुन्हा करनार हायेत."

मला खरंच आनंद झाला. पहिल्यांदा. "अरे वा! किती देतात?"

तेवढ्यात तिचा फोन वाजलाच. तिनं नाव पाहिलं आणि आवाज मोठा केला. "तुमी बी ऐका, सर."

उर्वशी मॅडम. आवाज गोड. "मुस्कान, मग विचार केला का? तुमचा सध्याचा पगार सहा हजार, असं आमच्या रेकॉर्डवर आहे. त्यावर नियमाप्रमाणे तीस टक्के वाढ. सात हजार आठशे. घरून काम, फुलसावंगीत राहून."

मुस्काननं माझ्याकडे पाहिलं. सहा हजार त्यांच्या रेकॉर्डवर कुठून आला हे विचारायची तिला गरज नव्हती. ज्या आकड्यावर मी प्रामाणिक म्हणून खूश होतो, तो त्यांनी तिच्या गळ्यात बांधला होता. तिथे नऊ म्हणालो असतो, पंधरा म्हणालो असतो, तर त्या खोट्यानं कोणाचं काही बिघडलं नसतं. मी खरं बोललो, आणि तेही कोणाच्या जिवावर?

"हे कमी हाय, मॅडम," मुस्कान म्हणाली.

"अगं, फुलसावंगीत तुला एवढे कोण देणार आहे? तिथला रेट तरी काय आहे?"

मुस्काननं श्वास घेतला. तिला एवढं चिडलेलं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"मॅडम, त्या चारशे बारा लाईनी फुलसावंगीत नाई चालत. तुमच्या क्लायंटच्या मशीनवर चालतात. त्याले तुमी जो रेट लावता, तो सांगा मले. फुलसावंगीचा मले मालूम हाय."

मग उर्वशी मॅडम म्हणाल्या की तुमचा पगाराचा आकडा चुकीचा नोंदला गेला असेल तर आधीच्या मालकाकडून तसा मेल येऊ द्या, चार वाजता पुन्हा बोलू. फोन बंद.

माझ्या चार पानांत हे एक वाक्य नव्हतं. मी राहण्याचा खर्च, भत्ता, तक्ता, अनुभव, सगळं लिहिलं. काम चालतं कुठे, हे लिहिलं नाही. सुचणार कसं? तो प्रश्न एकदा सुचला असता तर तिलाही लागू पडला असता.

"मालक म्हंजे तुमीच," मुस्कान म्हणाली. "सांगा, सर. माहा पगार किती हाय?"

"मी मेल करतो. काय लिहू? वीस लिहू?"

"खोटं नका लिवू. आधी द्या, मंग लिवा."

"उद्या सांगतो. प्रियंकाशी बोलून."

"आज सांगा. मॅडमचा फोन चारले हाय."

मी नऊ म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण हाच आकडा तोंडातून निघाला. ती उभीच राहिली.

"तो संघर्षचा हाय," ती म्हणाली. "माहा सांगा."

मग मी कपाटातून माझी मे महिन्याची पगाराची पावती काढली आणि तिच्यासमोर ठेवली. का काढली ते नीट सांगता येणार नाही. माझंही किती कापलंय ते तिनं पाहावं, असं मनात असेल. दोन वर्षांत तिनं ती कधी पाहिली नव्हती. तिनं आकडा वाचला. पुन्हा वाचला. बोट ठेवून वाचला.

"हे कापल्यावरचे हायेत?"

"हो. अठ्ठावन्न टक्के."

तिनं पावती माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, "सर, तुमच्या अठ्ठावन्नचं गाऱ्हानं तुमी मले दोन महिने ऐकवलं."

एवढंच. उत्तर देऊ नये इतपत शहाणपण तोपर्यंत आलं होतं. एप्रिलपासून मी कंपनीवर, गोपालवर, हैदराबादच्या बाईवर, त्या तक्त्यावर, बायकोवर, सगळ्यांवर चिडून झालो. एकच माणूस राहिला होता. त्याच्यावर चिडलो की मग पुन्हा कोणावर ओरडायला तोंड उरत नाही, म्हणून टाळत होतो.

"अर्धे," मी म्हणालो. "याच्या अर्धे. या महिन्यापासून नाही, तू आली त्या महिन्यापासून. मागचे एकदम जमणार नाहीत, पण देईन. या महिन्याचे आत्ता देतो."

मोबाईल काढून पाठवले. पाठवताना दोनदा पासवर्ड चुकला. मग तिच्यासमोरच उर्वशी मॅडमना मेल लिहिला की मुस्कान शेख यांच्या पगाराचा सुनावणीत सांगितलेला आकडा मी त्यांना अन्यायानं देत होतो, तो त्यांच्या कामाचा नव्हता. यापुढे आणि मागेही त्यांचा पगार हा आहे. आकडा टाकला. खाली माझं नाव. ही कबुली आहे आणि कंपनी तिचं काय करेल ते करो. गोपालला प्रत पाठवली.

मुस्कान खुर्चीवर बसली, आल्यापासून पहिल्यांदाच. मी चहा ठेवला.

बरोबर चारला तिचा फोन टेबलावर थरथरायला लागला. उर्वशी मॅडम. मी तिच्याकडे पाहिलं.

"वाजू द्या," ती म्हणाली. "बँकेचा मेसेज नाई आला अजून."